वटाव: हैदराबादहून परदेशी जाण्याचा हिशेब

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत एखादे वयस्कर माणूस अजूनही ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे शब्द सहज बोलून जाते. निजामाच्या राज्यात चालणारा रुपया तो हाली सिक्का. ब्रिटिश हिंदुस्थानात चालणारा तो कलदार. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाचही जिल्ह्यांचे बाजार हालीवर चालत. पण पोराला शिकायला पुण्याला ठेवायचे, लग्नाचा बस्ता मुंबईहून आणायचा, तर हाली मोडून कलदार घ्यावे लागत. पंढरपूर ब्रिटिश मुलखातले, म्हणून नांदेडच्या वारकऱ्याला विठोबाच्या पायाशी जातानाही दुसरे राज्य आणि दुसरे नाणे लागे. भाव साधारण सात हालीला सहा कलदार. शंभर कलदार हवे असतील तर गाठीला शंभरावर सोळा-सतरा हाली जास्त पाहिजेत. नाणे बदलताना पदरचे जे जाते त्याला व्यापारी भाषेत नेटका शब्द आहे: वटाव.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५९ पर्यंत हाली सिक्का व्यवहारातून पूर्ण गेला. वटाव मात्र गेला नाही. तो आता हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर मनी चेंजरच्या खिडकीत बसला आहे. डॉलर, दिरहम, बाट, युरो. प्रत्येकाचा खरेदीचा भाव वेगळा, विक्रीचा वेगळा. त्या खिडकीपुढे उभ्या असलेल्या कुटुंबाला वाटते, आपण फिरायला निघालो ते मनात आले म्हणून. मनात तर आजोबांच्याही आले असेल. मग आजोबा का गेले नाहीत, वडील एकदाच का गेले आणि नातू दर दोन वर्षांनी का जातो?

अर्थशास्त्र इच्छा आणि मागणी यांत फरक करते. इच्छेच्या पाठीशी पैसा, वेळ आणि परवानगी उभी राहिली की तिची मागणी होते. परदेशी पर्यटनाची मागणी कशी घडते हे पाहायला हैदराबाद फार उपयोगाचे शहर आहे. या शहराने शंभर वर्षांत आपले नाणे बदलले, आपला विमानतळ बदलला आणि मुख्य म्हणजे आपली कमाई कोणत्या नाण्यात होते तेही बदलले.

बंद दाराचा काळ

१९४७ साली देशात परकीय चलन नियमनाचा कायदा आला आणि १९७३ साली तो आणखी कडक झाला. परकीय चलन ही राष्ट्राची टंचाईची वस्तू होती. यंत्रे, धान्य, तेल आणि खते यांच्यासाठी ते राखून ठेवायचे होते. मौजेसाठी परदेशी जाणाऱ्याला त्यात जवळपास वाटाच नव्हता. परदेशी निघताना रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीचा ‘पी फॉर्म’ लागे. साठ-सत्तरच्या दशकांत शिकायला गेलेल्या कितीतरी भारतीयांच्या आठवणींत खिशातल्या आठ डॉलरांचा उल्लेख येतो, तो याच नियमांमुळे. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० साली आले, तेव्हा परदेशवारी खरोखरच अपूर्व होती. हजारो वाचकांनी युरोप पाहिला तो त्या पानांवरच, कारण दुसरा मार्ग नव्हता.

त्यातच रुपयाची किंमतही उतरत गेली. ६ जून १९६६ रोजी सरकारने अवमूल्यन केले आणि पावणेपाच रुपयांना मिळणारा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला. १९७९ पासून परदेशी जाणाऱ्याला वेगळा परदेश प्रवास करही भरावा लागू लागला. तो २००४ मध्ये रद्द झाला. म्हणजे ज्याच्याकडे पैसा होता त्याच्यापुढेही दार बंदच होते. अशा वेळी लोकांचे उत्पन्न वाढले तरी मागणी वाढलेली दिसत नाही, कारण ती नियमांखाली दबलेली असते.

१९९१ च्या जुलैत दोन टप्प्यांत रुपयाचे पुन्हा अवमूल्यन झाले. २१ रुपयांचा डॉलर २६ च्या घरात गेला. तेव्हाचे पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव तेलंगणाचे. मराठी उत्तम जाणणारे, रामटेकमधून दोनदा लोकसभेवर निवडून गेलेले, हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’चे तेलुगूत भाषांतर करणारे. मेहदीपट्टणमहून विमानतळाच्या दिशेने जाणाऱ्या लांबलचक उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे, आणि ते शोभून दिसते. कारण त्या पुलावरून सुटकेस घेऊन जाणाऱ्या कुटुंबांची वाट त्याच वर्षाच्या निर्णयांनी मोकळी व्हायला सुरुवात झाली. डॉलर महाग पडू लागला, पण तो विकत घेण्याची मुभा वाढत गेली. २००० साली जुन्या कायद्याच्या जागी नवा, सौम्य कायदा अमलात आला. २००४ साली रिझर्व्ह बँकेने उदारीकृत प्रेषण योजना आणली. सुरुवातीला वर्षाला माणशी २५ हजार डॉलर बाहेर नेता येत. २०१५ पासून ही मर्यादा अडीच लाख डॉलर आहे आणि प्रवासाचा खर्चही तिच्यातच मोजला जातो.

आकडे पाहा. १९९१ मध्ये भारतातून सुमारे १९ लाख नागरिक परदेशी गेले. २००० मध्ये ४४ लाख, २०१० मध्ये १ कोटी ३० लाख, २०१९ मध्ये २ कोटी ६९ लाख आणि २०२४ मध्ये ३ कोटी ९ लाख. यांत सगळे सहलीला गेलेले नाहीत. नोकरीवाले, विद्यार्थी, यात्रेकरू आणि नातेवाइकांना भेटायला जाणारे सगळे यात आले. तरी तेहतीस वर्षांत सोळा पट ही वाढ केवळ हौसेने झालेली नाही.

पगार नव्हे, शिल्लक

१८५७ साली जर्मनीच्या सॅक्सनी राज्यात एर्न्स्ट एंगेल नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले आणि एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली: घर जसे सुस्थितीत येते तसा खर्चातला अन्नाचा वाटा कमी होतो. माणूस दुप्पट कमावू लागला म्हणून दुप्पट भाकरी खात नाही. सुटलेला पैसा दुसरीकडे वळतो.

भारतातही हेच घडले आहे. १९९९-२००० मध्ये शहरी घराच्या खर्चात अन्नाचा वाटा ४८ टक्के होता. २०२३-२४ च्या उपभोग खर्च पाहणीत तो ४० टक्क्यांच्या किंचित खाली आलेला दिसतो. तेलंगणाचे दरडोई उत्पन्न २०२४-२५ मध्ये सुमारे ३ लाख ८० हजार रुपये होते, देशाच्या सरासरीच्या पावणेदोन पटींहून जास्त. सरासरी सगळ्यांना लागू पडत नाही, पण पश्चिम हैदराबादच्या बहुमजली वस्त्या कशावर उभ्या राहिल्या ते त्यातून कळते.

इथे एक हिशेब मांडून पाहू. समजा, कुकटपल्लीतले एक घर वर्षाला १२ लाख कमावते. हप्ते, शाळा, किराणा आणि औषधपाणी मिळून ९ लाख जातात. शिल्लक ३ लाख. पुढच्या वर्षी पगार दहा टक्क्यांनी वाढून १३ लाख २० हजार झाला आणि आवश्यक खर्च ९ लाख ४० हजारांवर गेला. आता शिल्लक ३ लाख ८० हजार. पगार वाढला दहा टक्के, शिल्लक वाढली सुमारे २७ टक्के. आणि परदेशी सहल पगारातून होत नाही, शिल्लकेतून होते.

म्हणूनच उत्पन्नात थोडी वाढ झाली की परदेशी पर्यटनाची मागणी त्याहून वेगाने वाढते. अर्थशास्त्रज्ञ याला मागणीची उत्पन्न-लवचीकता म्हणतात. उत्पन्न एक टक्का वाढले तर मागणी किती टक्के वाढते, हे ती सांगते. देशोदेशींच्या अभ्यासांत परदेशी पर्यटनासाठी हा आकडा बहुतेक वेळा १ ते २ यांच्या दरम्यान आढळला आहे. तांदूळ-डाळीसाठी तो एकाहून पुष्कळ खाली असतो.

याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. वरच्या घराचा पगार दहा टक्के कमी झाला आणि आवश्यक खर्च तसाच राहिला तर शिल्लक ३ लाखांवरून १ लाख ८० हजारांवर येते, चाळीस टक्क्यांनी घटते. सर्वांत आधी थायलंड रद्द होते. शाळेची फी रद्द होत नाही. चांगल्या दिवसांत जी मागणी सर्वांत वेगाने चढते तीच वाईट दिवसांत सर्वांत आधी कोसळते.

शिल्लकेखेरीज आणखी एक गोष्ट मनाला बळ देते: संपत्ती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम हैदराबादेतल्या कोकापेटच्या जमीन लिलावात एका एकराला १०० कोटींहून जास्त भाव मिळाला. त्या भागात पंधरा वर्षांपूर्वी फ्लॅट घेतलेल्या शिक्षकाच्या खात्यात या बातमीने एक रुपयाही जमा होत नाही. तरी त्याला आपण सुरक्षित झालो असे वाटते आणि बँकेतल्या ठेवीला हात लावायला तो आता कचरत नाही. घराची किंमत वाढली की खर्च करण्याची तयारी वाढते. पण त्याच भागात आज नवे घर घेणाऱ्या तरुणाचे उलट होते. त्याची शिल्लक वीस वर्षांच्या हप्त्यांत गुंतलेली असते. एकाच रस्त्यावरची दोन घरे, एकाला जमिनीचा भाव युरोपला पाठवतो आणि दुसऱ्याला घरी बसवतो.

बेगमपेठ ते शमशाबाद

२००८ च्या मार्चपर्यंत हैदराबादची विमाने शहराच्या मध्यावर, बेगमपेठेत उतरत. २३ मार्च २००८ पासून ती शमशाबादच्या राजीव गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरू लागली. धावपट्टी लांब, जागा मोठी, पुढे वाढायला वाव. २०२३-२४ मध्ये या विमानतळावरून सुमारे अडीच कोटी प्रवाशांची ये-जा झाली.

विमानतळ बदलल्याने मागणी का वाढावी? तिकिटावर छापलेली रक्कम ही प्रवासाच्या किमतीचा एक भागच असते. मुंबईला जाऊन तिथे विमान बदलायचे, रात्र काढायची आणि रजेतले दोन दिवस प्रवासात घालवायचे, हाही खर्चच आहे. थेट विमान सुरू झाले की तिकिटाचा भाव न बदलताही सहल स्वस्त होते. लुफ्तान्साचे फ्रँकफर्टला जाणारे थेट विमान २०२४ च्या जानेवारीत सुरू झाले. दुबई आणि बँकॉक हैदराबादहून साधारण चार तासांवर आहेत. नांदेड आणि लातूरच्या लोकांसाठीही हिशेब बदलला. नांदेडहून मुंबई जितकी लांब, त्याच्या साधारण निम्म्या अंतरावर हैदराबाद आहे. जुन्या संस्थानाची राजधानी अशी नव्या कारणाने पुन्हा मराठवाड्याजवळ आली.

वेळेची किंमत प्रत्येक घरात वेगळी असते. निवृत्त जोडप्याकडे वेळ भरपूर. ते फेब्रुवारीत स्वस्त तिकीट पाहून जातात. शाळकरी मुलांच्या आईवडिलांना दसऱ्याची किंवा मे महिन्याची सुटीच गाठावी लागते. त्या आठवड्यांत सारे शहर एकदम निघते आणि भाडे चढते.

भाडे चढण्यामागे आणखी एक कारण असते, ते प्रवाशाला दिसत नाही. दोन देशांमध्ये आठवड्याला किती आसने उडवायची हे सरकारे करार करून ठरवतात. भारत आणि दुबई यांच्यात प्रत्येक बाजूच्या विमान कंपन्यांना आठवड्याला सुमारे ६५ हजार आसनांची मर्यादा आहे आणि ती केव्हाच भरली आहे. मागणी वाढली तरी विमाने वाढवता येत नाहीत. वाढते ते भाडे. दुबईचे तिकीट कधीकधी त्याहून लांबच्या शहरापेक्षा महाग दिसते, त्याचे उत्तर बरेचदा इथे सापडते.

रुपया कोणापुढे पडला?

२०१४ मध्ये डॉलर ६१ रुपयांच्या आसपास होता. २०२५ च्या डिसेंबरात त्याने ९० ओलांडले. परदेशातल्या राहण्या-खाण्याला २,००० डॉलर लागतील असे धरले तर तेव्हा १ लाख २२ हजार रुपये पुरले असते, ९० च्या भावाने १ लाख ८० हजार लागतात. सहल तीच, हॉटेल तेच. वाढला तो वटाव.

पण रुपया पडला हे वाक्य अपुरे आहे. तो कोणापुढे पडला ते विचारायला हवे. २०१२ मध्ये एका रुपयाला साधारण दीड येन मिळत. २०२४ मध्ये सुमारे १.८ येन मिळत होते. डॉलरपुढे रुपया खचत असताना जपानी चलनापुढे तो वधारला होता. २०२४ मध्ये २ लाख ३३ हजार भारतीय जपानला गेले. त्याआधी कधीच इतके गेले नव्हते. चेरीचा बहर तर शतकानुशतके येतोच आहे. तो आपल्या आवाक्यात आला त्याला येनची घसरण बरीच कारण आहे.

श्रीलंकेने याचीच करुण बाजू दाखवली. २०२२ च्या आर्थिक संकटात तिथला रुपया एका डॉलरला २०० वरून ३६० पर्यंत घसरला. भारतीय रुपयाला पूर्वी सुमारे २.७ श्रीलंकन रुपये मिळत, ते साडेचारच्या वर मिळू लागले. कागदावर सहल एकदम स्वस्त झाली, पण पेट्रोलसाठी रांगा लागलेल्या देशात कोण जाणार? मागणी आली ती परिस्थिती निवळल्यावर. २०२३ मध्ये श्रीलंकेला जाणाऱ्या पर्यटकांत भारतीयांचा पहिला क्रमांक होता. स्वस्ताई पर्यटकाला बोलावते, पण आधी तिथे शांतता आणि चालणारा पंप असावा लागतो.

किमतीचा विचार नेहमी तुलनेत होतो. हैदराबादचे घर बँकॉकचा खर्च एकटा तपासत नाही. ते गोवा, केरळ आणि काश्मीर शेजारी मांडून पाहते. सुटीच्या आठवड्यात देशातली भाडी आणि हॉटेले इतकी चढतात की ‘थोडे पैसे घालून थायलंडच करू’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. अशा वेळी थायलंडचा खरा प्रतिस्पर्धी व्हिएतनाम नसतो, गोवा असतो.

या तुलनेत व्हिसाचे शुल्कही मोजले जाते. थायलंडमध्ये पोहोचल्यावर मिळणाऱ्या व्हिसाला माणशी २,००० बाट लागत. चौघांचे ८,००० बाट, म्हणजे तेव्हाच्या भावाने १८-१९ हजार रुपये. १० नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना व्हिसाची अट माफ केली. पुढच्याच महिन्यात मलेशियानेही केली. थायलंडला जाणारे भारतीय २०२३ मध्ये १६ लाखांच्या आसपास होते, ते २०२४ मध्ये २१ लाखांवर गेले. त्याच २०२४ च्या जूनमध्ये युरोपच्या शेंगेन व्हिसाचे शुल्क ८० वरून ९० युरो झाले. चौघा प्रौढांचे ३६० युरो, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. शुल्कापेक्षाही ही अनिश्चितता महाग पडते. मिळेल की नाही याची धास्ती हादेखील किमतीचाच भाग आहे. हैदराबादजवळ चिलकूरच्या बालाजीला लोक ‘व्हिसा बालाजी’ म्हणतात. आधी अकरा प्रदक्षिणा, इच्छा पुरी झाली की एकशे आठ. त्या प्रदक्षिणा घालणारे बहुतेक शिकायला किंवा नोकरीला निघालेले असतात. पण एका शिक्क्यावर केवढे आयुष्य टांगलेले असू शकते, हे त्या देवळाच्या अंगणात दिसते.

उंबऱ्यावरचा कर

सरकारचे दार आता उघडे आहे, पण उंबरा आहे. २०२० च्या ऑक्टोबरपासून परदेशी पॅकेजवर टीसीएस म्हणजे स्रोतावर गोळा केलेला कर लागू झाला, सुरुवातीला ५ टक्के. १ ऑक्टोबर २०२३ पासून माणशी वर्षाला ७ लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के असा दर झाला. ८ लाखांचे पॅकेज एकाच्या नावावर घेतले तर ३५ हजार अधिक २० हजार, म्हणजे ५५ हजार रुपये आधी भरावे लागत. एप्रिल २०२५ मध्ये ही मर्यादा १० लाखांवर गेली.

हा पैसा बुडत नाही. आयकराच्या विवरणपत्रात तो वळता होतो किंवा परत मिळतो. पण तो काही महिने अडकतो. श्रीमंताला ते जाणवत नाही. पै-पै जमवून निघालेल्याला जाणवते. म्हणून २० टक्क्यांचा टप्पा होता तेव्हा बरीच घरे पॅकेज नवरा-बायकोच्या नावांत विभागून घेत. रक्कम तीच राहून केवळ ती भरण्याची वेळ बदलली, तरीही मागणीचा आकार बदलतो.

उदारीकृत प्रेषण योजनेखाली २०२३-२४ मध्ये भारतीयांनी ३१.७ अब्ज डॉलर बाहेर पाठवले. त्यातले सुमारे १७ अब्ज, म्हणजे निम्म्याहून जास्त, प्रवासावर गेले. परदेशात वापरलेल्या क्रेडिट कार्डाचा खर्च यात धरलेलाच नाही. पुढच्या वर्षी एकूण रक्कम २९.६ अब्जांवर उतरली, तरी प्रवासाचा आकडा जवळपास तेवढाच राहिला.

घर कोणत्या नाण्यात कमावते?

आतापर्यंतचा हिशेब एका गृहीतावर चालला आहे: घर रुपयात कमावते आणि परदेशी नाण्यात खर्च करते. हैदराबादेत हे गृहीत बऱ्याच घरांना लागू पडत नाही, आणि म्हणूनच हे शहर वेगळे आहे.

टोलीचौकी आणि बारकस या भागांतून, तसेच करीमनगर, निजामाबाद आणि जगित्याल या जिल्ह्यांतून कितीतरी वर्षे माणसे आखातात कामाला जात आहेत. दुसरीकडे, १९९८ च्या नोव्हेंबरात माधापूरला सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि त्याच साली मायक्रोसॉफ्टचे विकास केंद्र हैदराबादला आले. तिथून अमेरिकेची वाट रुळली. २००८ साली अमेरिकेने इथे वाणिज्य दूतावास उघडला, आधी बेगमपेठेच्या पायगा महालात. २०२३ पासून तो नानकरामगुड्याच्या नव्या इमारतीत आहे.

परदेशातून भारतात येणाऱ्या पैशाची २०२३-२४ मधली रिझर्व्ह बँकेची पाहणी सांगते की सर्वाधिक पैसा अमेरिकेतून आला, सुमारे २८ टक्के. संयुक्त अरब अमिरातीतून १९ टक्के. राज्यांत महाराष्ट्र पहिला, जवळपास साडेवीस टक्के. तेलंगणाचा वाटा ८ टक्क्यांच्या थोडा वर.

आता डॉलर ९० वर गेल्याची बातमी दोन घरांत नेऊन पाहा. सुलतानबाजारातल्या एका मराठी घरात निवृत्त मुख्याध्यापकांनी युरोपसाठी रुपये साठवलेले आहेत. त्यांची सहल त्या बातमीने दूर गेली. शेजारच्या घरातला मुलगा डॅलसला आहे. तो पाठवतो ते डॉलर आता जास्त रुपये होऊन उतरतात. आईवडील त्याच्याकडे निघाले तर तिकीट तो काढतो, राहणे त्याच्याच घरी. त्यांच्या प्रवासाला डॉलरच्या भावाने काहीच फरक पडत नाही. सुनेच्या बाळंतपणाला जाणारी आई वटावाच्या बाहेर असते. एक घर वटाव देते, दुसरे वटाव घेते.

दुबईच्या विमानात हीच गोष्ट आसनाला आसन लावून बसलेली दिसते. खिडकीशी बांधकामावर परतणारा जगित्यालचा मजूर, मधे बुर्ज खलिफा पाहायला निघालेले जोडपे. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, त्यामुळे रुपया पडला की मजुराच्या घरी जास्त पैसा पोहोचतो आणि जोडप्याचे जेवण महाग होते. पर्यटनाच्या आकडेवारीत दोघेही ‘परदेशी गेलेले भारतीय’ म्हणून एकेक मोजले जातात. एकाचा प्रवास हा खर्च आहे, दुसऱ्याची ती रोजी आहे. हा फरक विसरून त्या ३ कोटी ९ लाखांच्या आकड्याचा अभिमान बाळगणे मजुरावर अन्याय करणारे आहे.

नात्याने आणि ओळखीने प्रवास स्वस्त होतो ही जुनीच रीत आहे. मक्केत निजामाच्या काळापासून चालत आलेला रुबात, म्हणजे यात्रेकरूंचा निवास आहे. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातल्या तेलंगणा, मराठवाडा आणि कर्नाटकातल्या जिल्ह्यांच्या निवडलेल्या हाजींना तिथे राहण्याचे पैसे पडत नाहीत. २०१८ साली केंद्र सरकारने हजचे अनुदान बंद केले, तेव्हा ही सोय आणखी मोलाची ठरली. संस्थान गेले, हाली सिक्का गेला. पण औरंगाबादच्या हाजीचा मक्केतला मुक्काम आजही त्या जुन्या सरहद्दीवरून ठरतो.

ताण कुठे बसतो?

परदेशी नाण्यात कमावणारे शहर रुपयाच्या घसरणीपासून वाचते, पण दुसऱ्या वाऱ्यांना उघडे पडते. २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेने एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांसाठी एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. ही बातमी हैदराबादेत परराष्ट्र धोरणाची म्हणून वाचली गेली नाही. ती घरखर्चाची म्हणून वाचली गेली. पुढच्या दहा वर्षांत डॅलसला मुलगा असलेली घरे कमी झाली तर आईवडिलांचे प्रवासही कमी होतील.

सगळे हिशेब मोडून टाकणारे धक्केही येतात. २३ मार्च २०२० पासून नियमित आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली ती २७ मार्च २०२२ लाच पुन्हा सुरू झाली. मालदीवला २०२३ मध्ये २ लाख ९ हजार भारतीय गेले होते. राजकीय वादानंतर २०२४ मध्ये ते १ लाख ३० हजारांच्या आसपास आले. भाव तेच, समुद्र तोच, मन फिरले. पर्याय भरपूर असतात तेव्हा एका ठिकाणाला सोडून देणे सोपे असते.

आणि या सगळ्या चर्चेत किती लोक आहेत? देशात चालू पारपत्रे २०२३ च्या अखेरीस सव्वानऊ कोटींच्या आसपास होती; १४० कोटींत शंभराला साधारण सात. बाकीच्यांच्या मनात परदेश नाही असे समजू नये. त्यांची शिल्लक अजून तिथवर पोहोचलेली नाही, इतकेच. आपण ‘भारतीय पर्यटक’ म्हणतो तेव्हा त्या सातांतल्या काहींविषयी बोलत असतो.

म्हणून कोणत्याही घराची परदेशवारी समजून घ्यायची असेल तर पाच प्रश्न पुरतात. आवश्यक खर्च जाऊन किती उरते? तिथे पोहोचायला पैसा आणि वेळ मिळून किती लागतो? आपला रुपया त्या देशात, त्या वर्षी किती विकत घेतो? दार उघडे आहे का, उंबरा किती उंच आहे? आणि हे घर कोणत्या नाण्यात कमावते? पहिल्या चारांची उत्तरे कोणत्याही शहरात मिळतील. पाचवा प्रश्न विचारण्याची सवय हैदराबाद लावते.

हाली मोडून कलदार घेणाऱ्या वारकऱ्याला हा प्रश्न कुणी शिकवला नव्हता, पण त्याचे उत्तर त्याला पक्के ठाऊक होते. शेतातली ज्वारी हालीत विकली जाते आणि चंद्रभागेच्या वाळवंटात कलदार चालतात. मधला वटाव आपल्यालाच सोसायचा आहे. त्याचा नातू शमशाबादला खिडकीपुढे उभा राहून रुपये देतो आणि बाट घेतो, तेव्हा तोही तेच सोसत असतो. आजोबांचे सहा कलदार आले ते वर्षाच्या धान्यातून. नातवाचे बाट येतात ते धान्याचा खर्च भागून उरलेल्या पैशातून. तीन पिढ्यांत या घराने मिळवले ते हे उरणे.